जुनी पिकअप घरच्या अंगणात: चेसिसपासून रंगापर्यंत

नागपुरात जुनी पिकअप घरी उघडायची असेल तर दिवाळी होऊ द्यावी. पावसाळ्यात घासून पांढरा केलेला पत्रा एका रात्रीत लालसर होतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की रंग बंदुकीतून निघून पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा वाळलेला असतो. म्हणून आम्ही कामाची वाटणी ऋतूप्रमाणे केली. नोव्हेंबरात चेसिस आणि वेल्डिंग, डिसेंबर-जानेवारीत कमानपाटे (लीफ स्प्रिंग), ब्रेक, इंजिन आणि वायरिंग, फेब्रुवारीत रंग. ऊन तापायच्या आत रेडिएटरचं सगळं काम उरकलेलं हवं होतं. गाडी महिंद्राची सिंगल केबिन पिकअप, २५२३ सीसीचं एमडीआय नावाचं डिझेल इंजिन, आयुष्यभर कळमना मार्केटचा माल वाहिलेली. अशी गाडी हाती आली की बहुतेक लोक आधी रंगाच्या दुकानात जातात. खरं तर रंगावर सगळ्यात शेवटी पैसे घालावेत, आणि हातात उरले तेवढेच घालावेत.

पाना उचलायच्या आधी आरसी बघायची. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागद ठेवून पेन्सिलीने घासून उतरवायचे आणि आरसीशी एकेक आकडा जुळवायचा. चेसिस नंबरावर गंज चढला असेल तर तिथे ग्राइंडर अजिबात लावू नये. डिझेल आणि पितळी ब्रश पुरतो. आकडे पुसट झाले की चांगली गाडीही आरटीओत संशयित ठरते. आरसीवर बँकेचा बोजा राहिलेला असतो तो आधी उतरवून घ्यावा, कारण कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी नोंद तशीच असलेल्या गाड्या भरपूर. पाटी पिवळी असेल तर आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस, पांढरी असेल तर पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण, आणि दोन्हीकडे पर्यावरण कर. नागपुरात एमएच-३१, एमएच-४० आणि एमएच-४९ अशी तीन कार्यालयं आहेत. आपला कागद कुठला ते बघूनच रांगेत लागावं.

हौसेला कायद्याची मर्यादा आहे, तीही आधीच समजून घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. म्हणजे हौदा (मागची माल ठेवायची जागा) लांब करणं, केबिन कापून डबल करणं, चेसिस वाढवणं हे विसरायचं. रंग बदलता येतो, पण तो आरसीवर चढवून घ्यावा लागतो. त्याच जातीचं इंजिन बदलायचं असेल तर आधी परवानगी. पुढचा लोखंडी बुलबार केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंद केला, तरी नागपूरजवळच्या वाडीच्या रस्त्यावर दर चौथ्या पिकअपला तो दिसतो. तो फक्त पोलिसांच्या पावतीचा विषय नाही. धडक बसली की तिचा धक्का पत्र्यात न जिरता थेट चेसिसच्या टोकाला जातो, आणि पायी चालणाऱ्याचं तर काही खरं नसतं. आमच्या गाडीवर होता तो पहिल्याच दिवशी भंगारात घातला.

आता लोखंड. चेसिसला पाव किलोच्या हातोडीने ठोकत जायचं. चांगलं लोखंड टणटणतं, पोखरलेलं बद्द वाजतं. आवाज बदलला तिथे जुना स्क्रू ड्रायव्हर जोर देऊन टोचायचा. आत गेला की तो भाग कापायचाच. जागा ठरलेल्या असतात. मागच्या शॅकलची (कमानीचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीची) ब्रॅकेट, मागच्या एक्सलवर चेसिस जिथे वर वळते तो वळसा, केबिनच्या रबर माउंटखालचे कान, पायाखालच्या मॅटखालचा पत्रा, दाराची खालची कड, पुढच्या काचेचे खालचे दोन कोपरे आणि हौद्याच्या आडव्या पट्ट्या. भाजीपाला वाहिलेल्या गाडीत हौद्याखालच्या पट्ट्या हमखास गेलेल्या असतात, कारण तिथे वर्षानुवर्षं ओली माती साचून राहते.

गंजापेक्षा वाईट म्हणजे वाकलेली चेसिस, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी ओळंबा लागतो, गवंड्याकडे असतो तोच. गाडी सिमेंटच्या सपाट जमिनीवर चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्यायची. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर नाही. अंगणात काळी माती असेल तर घोडीखाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट, नाहीतर घोडी तिरपी होत जाते. मग चेसिसच्या दोन्ही बाजूंना एकमेकांसमोर येणारे कंपनीचेच बिंदू निवडायचे: पुढच्या कमानीचा बोल्ट, मागच्या कमानीचा पुढचा बोल्ट, मागच्या शॅकलची ब्रॅकेट, केबिन माउंटची भोकं. प्रत्येक बिंदूवरून ओळंबा सोडायचा, लोंबता थांबला की जमिनीवर खडूने फुली मारायची. सगळ्या फुल्या झाल्या की गाडीखालून बाहेर यायचं आणि फुल्यांमधली तिरपी अंतरं स्टीलच्या टेपने मोजायची: पुढचा डावा ते मागचा उजवा, पुढचा उजवा ते मागचा डावा. फरक ३ ते ५ मिलिमीटरच्या आत असेल तर निश्चिंत. दहाच्या पुढे गेला तर ही गाडी घरचं काम नाही, चेसिस सरळ करण्याचं यंत्र असलेल्या कारखान्यात न्यावी. आमचा फरक चार मिलिमीटर आला. मोजमाप घेतल्याशिवाय वेल्डिंगला हात लावू नये, कारण वाकलेल्या चेसिसला पट्टी मारली की वाक कायमचा पक्का होतो, आणि मग पुढचे टायर एका बाजूने का झिजतात ते अलाइनमेंटवाला कधीच सांगू शकत नाही.

उघडताना सगळ्यात जास्त वेळ गंजलेले बोल्ट खातात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. पान्याने आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने झटका द्यायचा, गंजाची पकड त्यानेच फुटते, मग उलट फिरवायचं. तरीही नाही आला तर गॅसने नट तापवायचा, बोल्ट नव्हे. नट फुगला की सुटतो. ब्रेकची नळी, डिझेलची टाकी, रबर बुश यांच्याजवळ मात्र ज्योत नेऊ नये, तिथे ग्राइंडरने नट चिरून काढावा. काढलेला प्रत्येक बोल्ट मूळ जागेच्या नावाने पिशवीत टाकायचा आणि उघडायच्या आधी फोटो घ्यायचा. इतवारीच्या लोहाओळीत नटबोल्ट किलोने मिळतात, पण कमानी, स्टिअरिंग आणि ब्रेकचे बोल्ट तिथून घेऊ नयेत. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा हवाच, आणि ज्या ठिकाणी १०.९ निघाला तिथे १०.९ च परत जावा.

डिझेलच्या टाकीला छिद्र असेल तर टाकी बदलायची. रिकाम्या टाकीला वेल्डिंग करायला कोणी तयार असला तरी आपण तयार होऊ नये, आतली वाफ स्फोटाला पुरेशी असते. आतून नुसता गाळ आणि हलका गंज असेल तर धुण्याच्या पावडरीचं गरम पाणी आणि मूठभर छोटे नट आत टाकून हलवायची, मग फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं गंज काढायचं द्रावण, भरपूर पाणी, आणि लगेच कोरडी करून डिझेल फिरवून घ्यायचं.

चेसिसच्या डाव्या पट्टीला मागच्या वळशावर पोखर होती, त्यामुळे तिथलं वेल्डिंग तपशिलात सांगतो. बॅटरी काढायची आणि डायनामोच्या वायरी सोडायच्या, नाहीतर आतले डायोड जातात. सडलेलं लोखंड चमकता काठ लागेपर्यंत कापायचं. पट्टीची जाडी मूळ चेसिसइतकीच, आमच्याकडे ४ मिलिमीटर. सहा मिलिमीटरची जाड पट्टी मारली की मजबुती वाढते असं मिस्त्री सांगतात. प्रत्यक्षात त्या जागी चेसिस ताठ होते, वाकणं पट्टीच्या टोकाशी साचतं आणि दोन पावसाळ्यांत तिथेच नवी चीर येते. त्याच कारणाने पट्टीची टोकं उभी सरळ कापू नयेत, माशाच्या शेपटीसारखी तिरपी ठेवावीत, म्हणजे ताण एका रेषेत येत नाही. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पाळीवर आडवं वेल्डिंग नको आणि भोकही नको. सगळं काम उभ्या भिंतीवर. आधीची चीर असेल तर तिच्या टोकाला ४ मिलिमीटरचं भोक पाडून ती थांबवायची, मग व्ही आकारात खोदून भरायची. वेल्डिंग झाल्यावर पाणी मारून थंड करायचं नाही. ही जागा ज्याचा हात बसला आहे त्याच्याकडूनच करून घ्यावी. ऑटोमोटिव्ह चौकाकडे ट्रकच्या चेसिसचं काम रोज करणारे आहेत, त्यांना घरी यायला पैसे द्यावेत.

केबिनचा पायाखालचा पत्रा मात्र घरी होतो. १८ गेजचा, म्हणजे १.२ मिलिमीटरचा सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा, ०.८ मिलिमीटरची तार आणि सीओटू वेल्डिंग, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात तारेने होणारं. गॅस वेल्डिंगने हा पत्रा पापडासारखा वाकतो. आधी पुठ्ठ्याचा साचा, त्यावरून पत्रा कापायचा, मग दर दोन-तीन इंचांवर टाके. एका ठिकाणी लांब ओळ ओढायची नाही. इकडे एक सेंटिमीटर, समोरच्या टोकाला एक सेंटिमीटर, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं, मग पुढे. नवा पत्रा जुन्यावर चढवून वेल्ड केला तर दोन पत्र्यांच्या फटीत पाणी राहतं. म्हणून काठाला काठ भिडवावा, आणि जिथे चढवावाच लागतो तिथे मधल्या भागाला आधी जस्ताचा वेल्डिंग प्रायमर लावावा. वरून सांधा सीलरने भरायचा. दाराच्या तळाची पाणी निथळायची भोकं सीलर आणि रंगाने बुजतात, ती सळईने मोकळी करणं कोणी लक्षात ठेवत नाही आणि दार पुन्हा आतून सडतं. खालून डांबरी कोटिंग मारायचं तर आधी इपॉक्सी प्रायमर. गंजावर डांबर म्हणजे गंजाला पांघरूण.

छोट्या भागांसाठी घासाघाशीपेक्षा बादली बरी. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा, खायचा नाही. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या निगेटिव्हला, समोर भंगारातल्या साध्या लोखंडाची पट्टी पॉझिटिव्हला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. पट्टी स्टेनलेसची अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुडे येतात तो हायड्रोजन, म्हणून बादली उघड्यावर आणि जवळ बिडी-काडी नाही. सकाळपर्यंत गंज काळ्या चिखलासारखा निघून येतो, चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. बिजागऱ्या, फाळक्याच्या साखळ्या, ब्रॅकेट यांना हे उत्तम. कमानपाटे, स्प्रिंगा आणि १०.९ चे बोल्ट मात्र या पाण्यात घालू नयेत, हायड्रोजन शिरून कडक पोलाद ठिसूळ होतं.

हौद्याचा तळ हा आमच्या गाडीतला खरा हौसेचा भाग. रिवाज ३ मिलिमीटरच्या चेकर प्लेटचा आहे. लोखंडाचा ३ मिलिमीटर साधा पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो. आमचा तळ १.८ बाय १.६ मीटर, म्हणजे जवळजवळ ६८ किलो, आणि चेकरचे उठाव धरून आणखी थोडं. तेवढ्याच जागेला २० मिलिमीटरच्या सागाच्या फळ्या चाळीस किलोच्या आत बसतात. विदर्भात साग मिळायला अडचण नाही, आणि जुन्या घराच्या पाडकामातला मुरलेला साग मिळाला तर तो नव्यापेक्षा सरस, वाकत नाही. फळ्या लांबीच्या दिशेने, दोन फळ्यांत ४ मिलिमीटरची फट ठेवून. भर उन्हाळ्यात ही फट रिकामी वाटते, ऑगस्टमध्ये लाकूड फुगलं की तिची किंमत कळते. वरून लोखंडी पट्ट्या, त्यातून बोल्ट खालच्या आडव्या पट्ट्यांत. लोखंड आणि लाकूड भिडतं तिथे रबर किंवा प्लास्टिकची चकती. लाकडाला वार्निश नको, ते उन्हात सोलपटतं. उकळलेलं जवसाचं तेल तीन हात, प्रत्येक हातानंतर पंधरा-वीस मिनिटांनी जादा तेल पुसून घ्यायचं. आणि त्या पुसायच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती साठते आणि चिंधी आपोआप पेटते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नक्कीच. चिंध्या पाण्यात बुडवाव्यात किंवा एकेक पसरून वाळवाव्यात.

कमानपाट्यांचा संच खोलला की मुख्य पाटा मधल्या बोल्टच्या भोकाजवळ नीट बघायचा, तुटतो तिथेच. रिकामी पिकअप उसळते म्हणून एक पाटा काढून टाकायचा सल्ला सगळे देतात. त्याने मागची उंची बदलते, आणि मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा लोड व्हॉल्व (वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) असेल तर त्याला गाडी भरली आहे असं वाटून रिकाम्या गाडीचे मागचे ब्रेक जास्त पकडतात. ओल्या रस्त्यावर मागची बाजू फिरते ती अशी. आम्ही पाटे सगळे ठेवले, नवे बुश आणि चांगले शॉकअप टाकले. कमानी एक्सलला बांधणारे यू-बोल्ट जुने परत वापरायचे नाहीत, ते एकदा ताणलेले असतात. रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळायचे. हवेत लटकत असताना आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं.

ब्रेकमध्ये काटकसर नाही. लायनर (ड्रमला घासणारं अस्तर) तेलकट निघाला तर आधी ते तेल कुठलं ते ओळखायचं. पातळ, पाण्याने धुतलं जाणारं असेल तर व्हील सिलिंडर गळतोय. घट्ट आणि गंधकासारखा वास असेल तर एक्सलचं ऑइल सील गेलंय. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवतात, तो तापला की पुन्हा तेल सोडतो. ड्रम लेथवर साफ करताना त्याच्यावर कोरलेल्या कमाल व्यासाच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. नळ्या जिथे क्लिपने धरलेल्या असतात तिथे आतून गंजतात, आम्ही सगळ्या नव्या ओढल्या आणि टोकं दुहेरी फुलवून घेतली. तेल डॉट-४. हे तेल हवेतला ओलावा ओढतं. कोरडं असताना २३० अंशांच्या पुढे उकळणारं तेल पाणी शिरल्यावर १५५ पर्यंत खाली येतं, म्हणून उघडा डबा पुढच्या वर्षासाठी ठेवण्यात अर्थ नाही. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

इंजिन आमचं मुळात ठीक होतं, त्यामुळे खोललं नाही. सुरू करून ऑइलचं झाकण काढलं, धापा टाकत धूर येत नव्हता. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळ होतं. डिझेल फवारणारे नोझल तपासून घेतले, फिल्टर बदलले. सकाळी सुरू व्हायला सेल्फ (स्टार्टर) बराच वेळ मारावा लागायचा त्याचं कारण डिझेलच्या लाइनमध्ये हवा. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा बसवला की बुडबुडे दिसतात, मग एकेक सांधा शोधायचा. नोझलची फवारणी बघताना हात समोर नेऊ नये, तो फवारा कातडीतून आत शिरतो आणि बोट कापण्याची वेळ येते.

नागपुरात खरी परीक्षा कूलिंगची. गाडी गरम होते म्हटलं की पहिला उपाय सांगतात, "भाऊ, थर्मोस्टॅट काढून टाका." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप. ज्या इंजिनात तो उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळणारी, वाट बंद करतो, तिथे तो काढला की बायपास सदैव उघडा राहतो. गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरतो आणि मे महिन्यात गाडी आणखी तापते. डिसेंबरात तेच इंजिन थंड राहून पांढरा धूर सोडतं. थर्मोस्टॅट भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत तापवून बघावा. ८२ चा शिक्का असेल तर त्या सुमाराला उघडू लागायला हवा. रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर टाक्या उघडून नळ्यांतून सळई फिरवून घ्यावी. बोअरच्या जड पाण्याचा क्षार अर्ध्या नळ्या बुजवतो. झाकणाचा रबर आणि स्प्रिंग ठीक हवेत. ०.९ बारचं झाकण दाब धरून असेल तर पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, मेलेल्या झाकणाने ते शंभरलाच उकळतं. एवढ्याशा वस्तूपायी लोकांनी हेड उघडलेली आहेत. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं बहुतेक गाड्यांत गायब असतं, ते शोधून बसवावं, नाहीतर पंखा आजूबाजूचीच गरम हवा घुसळतो. पाणी गोठण्याचा प्रश्न आपल्याकडे नाही, तरी कूलंट तिसरा हिस्सा हवाच, तो गंज थांबवतो. बाकी डिस्टिल्ड पाणी.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट जोर देऊन सांगायची. रंगवलेल्या चेसिसवर रबर माउंटवर बसवलेली केबिन विजेच्या दृष्टीने अधांतरी असते. बॅटरी ते चेसिस, इंजिन ते चेसिस, केबिन ते चेसिस अशा तीन जाड अर्थिंग पट्ट्या, आणि त्यांच्याखालचा रंग खरवडून दातेरी वॉशर. एरवी नवा दिवा मंद लागतो आणि लोक बल्ब बदलत बसतात. हेडलाइटला रिले, २.५ चौरस मिलिमीटरची तार आणि १५ अँपिअरचा फ्यूज. कंपनीचा ६०/५५ वॉटचा बल्ब मग पुरेसा उजेड देतो, कारण आधी व्होल्टेज वाटेतच खर्च होत होतं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की डायनामो ठीक.

रंगासाठी फेब्रुवारीतले दिवस, सकाळी दहा ते दुपारी तीन. दव उडालेलं असतं आणि लू अजून सुरू झालेली नसते. जुना रंग काढून पत्रा ८० नंबरच्या कागदाने घासायचा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, उद्यावर ढकलायचं नाही. लांबी (खड्डे भरायची पुट्टी) प्रायमरच्या वर, १०० ग्रॅमला २ ग्रॅम हार्डनर, जाडी ३ मिलिमीटरच्या आत. लांबी भरून खड्डा सपाट करणं म्हणजे पुढच्या वर्षीची भेग. आधी डेंटिंग करून पत्रा वर आणायचा. लांबी कोरडीच घासावी, ती पाणी शोषते आणि मग वरचा रंग फोडासारखा उठतो. त्यावर सरफेसर (घासून सपाट करायचा प्रायमर), वरून काळ्या रंगाचा अगदी पातळ फवारा मारून ४०० आणि ६०० च्या वॉटर पेपरने घासायचं. काळं जिथे राहिलं तिथे खड्डा. दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर सलग मोठी बाजू मारताना दम टाकतो, म्हणून एकेक भाग वेगळा काढून रंगवला. हवेच्या लाइनला पाणी पकडणारा फिल्टर, रंगाला १.४ ची नोझल, बंदूक पत्र्यापासून १५ ते २० सेंटिमीटर, प्रत्येक फेरा आधीच्या अर्ध्यावर. जमिनीवर पाणी शिंपडलेलं. थिनर हवामानाप्रमाणे: ऊन वाढलं तर सावकाश वाळणारा, नाहीतर संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो, आणि संत्रानगरीत त्यावर विनोद ऐकावे लागतात ते वेगळंच. हार्डनर मिसळलेला पीयू (पॉलियुरेथेन) रंग उष्णतेत झपाट्याने घट्ट होतो, एका वेळी अर्धा लिटरच कालवावा. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला कायमचा दमा लावतं. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे निरुपयोगी, बाहेरून ताजी हवा देणारा मास्क हवा. तो नसेल तर वरचा हात दुकानातल्या बूथमध्ये मारून घ्यावा. पैसे थोडे जास्त जातात, पण ते वाजवी आहेत.

पुढची काच बसवायची युक्ती जुन्या डेंटरांची. रबर आधी काचेवर चढवायचं, त्याच्या चौकटीवर बसणाऱ्या खाचेत चारही बाजूंनी सुतळी घालून टोकं खाली मधोमध एकमेकांवरून बाहेर काढायची. साबणाचं पाणी लावून काच बाहेरून चौकटीत टेकवायची, एकाने बाहेरून तळव्याने दाबायचं, दुसऱ्याने आतून सुतळी काचेला समांतर ओढत जायचं. रबराची कड एकेक इंच आत उलटत येते.

गाडी चालायला लागल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरला आणि नंतर पाचशेला यू-बोल्ट, चाकाचे नट, स्टिअरिंगचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा बघायचे. नवा रंग बोल्टखाली दबतो आणि आवळ सैल होतो. ब्रेकचा लायनर बसेपर्यंत गाडी रिकामी चालवायची, मग हौद्यात थोडं वजन टाकून थांबण्याचं अंतर पुन्हा तपासायचं. रंगाची नोंद, नवी सुरक्षित नंबर पाटी, पीयूसी आणि विमा झाल्याशिवाय रिंगरोडवर काढू नये. विमा कंपनीलाही बदललेला रंग लेखी कळवावा.